पाच मिनिटांत आलोच

टाचणीचे बाबा प्लंबर होते आणि त्यांच्या हातात कसब होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे त्यांच्याविषयी फारसं चांगलं काही येणार नाही. गळणारा नळ त्यांनी नुसता ऐकला तरी आत काय झिजलंय ते ते सांगत. अडचण एवढीच होती की ऐकायला आधी तिथे पोचावं लागतं, आणि पोचणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. फोन वाजला की पलंगावर पडल्या पडल्या ते म्हणत, "आलोच." कधी "निघालोच", कधी "हा काय, कोपऱ्यावर पोचलो", आणि गिऱ्हाईक अगदीच रडकुंडीला आलं असेल तर "झालंच समजा". मग कुशीवर वळत. वेळ मारून नेण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या शहरात दुसरा नव्हता.

घरातही निराळी तऱ्हा नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो इथे बेसिनखाली होता. बेसिन चार महिने गळत होतं. आईने पहिला महिना आठवण करून दिली, दुसरा महिना भांडण केलं, तिसऱ्या महिन्यात खाली बादली ठेवली. आता रोज सकाळी ती बादली ओतायची आणि एक शब्द न बोलता बेकरीतल्या कामाला निघून जायची. आई बोलत होती तोवर ठीक होतं. ती गप्प झाल्यापासून टाचणीला जरा भीती वाटायला लागली होती.

टाचणी बारा वर्षांची, अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून हे नाव. खरं नाव होतं, पण ते शाळेच्या हजेरीपुरतं.

त्या रविवारी सकाळी साडेनऊला बाबा मोरीत उभे होते. कमरेला टॉवेल, अर्ध्या गालाची दाढी झालेली, अर्ध्यावर साबण, आणि खांदा व कान यांच्यात फोन. पलीकडून कोणीतरी स्वयंपाकघरात घोटाभर पाणी साचल्याचं सांगत होतं. बाबा आरशात बघत म्हणाले की ते रस्त्यातच आहेत, रिक्षाचा आवाज येत नाही का, पाच मिनिटांत आलोच.

तेवढ्यात मोरीच्या भोकातून एक हात वर आला. हिरवट, ओला, आणि कोपराचा पत्ताच नाही इतका लांब. त्याने बाबांचा घोटा धरला आणि खाली ओढलं.

ज्या भोकात साबणाची चिपटी अडकून बसायची त्यात एवढे मोठे बाबा कसे मावले, हे टाचणीला पुढे कधीच कळलं नाही. पण मावले. आधी पाय, मग टॉवेल, मग पोट, तिथे क्षणभर अडकले, मग खांदे. शेवटी नुसतं डोकं उरलं तेव्हा त्यांना दारात उभी असलेली टाचणी दिसली. माणूस संकटात सवयीचंच बोलतो. बाबा म्हणाले, "पाच मिनिटांत आलोच."

दुसरं काहीही म्हणाले असते तर टाचणी वाट बघत थांबली असती. 'वाचव' म्हणाले असते तर तिने शेजाऱ्यांना हाका मारल्या असत्या. पण ते 'आलोच' म्हणाले. याचा अर्थ ते येणार नव्हते.

तिने दारामागची हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवली, मोरीत गुडघ्यांवर बसली आणि भोकाला तोंड लावून ओरडली, "बाबा, मी येते!" खाली बोललेला शब्द खरा धरतात, हे तिला कोण सांगणार? 'येते'मधला 'ते' अजून तिच्या तोंडातच होता, आणि ती पाइपातून सुसाट खाली चालली होती.

ती पडली ती एका लांबच लांब दालनात. छताला हजारो भोकं होती, प्रत्येकातून दिवसाचा थोडा थोडा उजेड येत होता आणि थोडं थोडं पाणी. दोन्ही बाजूंना जाडजूड पाइप, आणि त्यांच्यावर ओळीने बसलेले मुठीएवढे ओले प्राणी. बेडकासारखे, पण तोंडावर भाव वैतागलेला, रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा. ते सगळे मिळून एकच शब्द म्हणत होते. "कधी? कधी? कधी?"

मधोमध बाबा. टॉवेल शाबूत होता, गालावरचा साबण वाळला होता. प्रत्येक प्राणी त्यांना आपल्याकडे ओढत होता. आणि त्यांच्यामागे, दालनाच्या टोकाला, एक प्रचंड धूड मांडी घालून बसलेलं होतं. त्याचं डोकं छताला लागत होतं, म्हणून त्याने ते एका बाजूला कलतं धरलं होतं. मघाचा लांब हात त्याचाच.

टाचणीने त्याला विचारलं की हा काय प्रकार आहे आणि माझ्या बाबांना कोणाच्या परवानगीने आणलं. त्या थोराडाचा आवाज रिकाम्या टाकीतून यावा तसा येत होता, पण बोलणं शांत होतं. त्याने सांगितलं की वर माणसं निघताना 'येतो' म्हणतात आणि विसरून जातात. माणूस विसरतो, शब्द विसरत नाही. तो मोरीवाटे खाली येतो आणि इथे बसून वाट बघतो. दिलेला शब्द पाळला की तो विरघळून मोकळा होतो. नाही पाळला तर इथेच. ती डावीकडची एक रांग सगळ्या शहराची मिळून आहे. उजवीकडच्या अकरा रांगा या एका गृहस्थांच्या आहेत. जागा उरली नाही, म्हणून नाइलाजाने त्यांना बोलावून घेतलं. आता त्यांनी पाइपातून एकेका घरी जावं, एकेक नळ दुरुस्त करावा, आणि सगळे संपले की खुशाल घरी जावं.

"किती नळ आहेत?" टाचणीने विचारलं.

"चारशे बारा."

घरचं एक बेसिन चार महिन्यांत झालं नव्हतं. टाचणीने मनातल्या मनात हिशेब सुरू केला, आणि उत्तर शंभर वर्षांच्या पुढे जातंय असं दिसल्यावर मध्येच सोडून दिला.

थोराडाने आणखी एक गोष्ट सांगितली. साडेदहाला नळाचं पाणी जातं. पाणी गेलं की वाटा बंद होतात, आणि तेव्हा खाली असलेला माणूस उद्यापासून रांगेत बसतो. टाचणीने बाबांच्या पायांकडे पाहिलं. बोटांच्या मध्ये पातळ हिरवा पडदा धरायला लागला होता. बाबांनी तो आधीच पाहिला असावा, कारण ते दुसरीकडेच बघत होते. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. प्लंबरचं पळालं म्हणजे प्रकरण गंभीर.

टाचणी रांगांसमोरून चालायला लागली. घाबरली होती, पण घाबरलं की तिचं डोकं जास्त चालायचं. बहुतेक प्राणी एकसारखे होते. एक मात्र मांजराएवढा होता. तो 'कधी' म्हणत नव्हता, नुसता तिच्याकडे बघत होता. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पटकन पुढे सरकली.

मग एका मुठीएवढ्यासमोर थांबून तिने विचारलं, "तू नक्की काय आहेस? जसा बोलला गेलास तसा सांग."

"आलोच," तो म्हणाला.

"आणि तू?"

"निघालोच."

पलीकडचा "पोचलो" होता. त्याच्या शेजारचा "झालंच समजा". टाचणीने अकराच्या अकरा रांगांवर नजर टाकली आणि तिला हसू यायला लागलं. मराठीच्या बाईंनी तिच्याकडून क्रियापदांचे काळ तीस वेळा लिहून घेतले होते, आणि तेव्हा तिने बाईंना मनात बरंच काही म्हणून घेतलं होतं. ते सगळं आता ती मागे घेणार होती.

"आलो म्हणजे कोणता काळ?" तिने वर्गात विचारतात तसं विचारलं.

प्राणी एकमेकांकडे बघायला लागले.

"भूतकाळ," टाचणी म्हणाली. "क्रिया पूर्ण. 'येईन' म्हणाले असते तर येणं बाकी होतं. ते 'आलो' म्हणाले. म्हणजे आले. तुमच्याकडे शब्द खरा धरतात ना? मग धरा. तुम्ही कोणाची वाट बघताय?"

पहिला 'आलोच' विचारात पडला, मग ओशाळला, आणि साबणाचा फुगा फुटावा तसा फुटून नाहीसा झाला. मग त्याच्या शेजारचा. मग रांगच्या रांग. 'निघालो' गेले, 'पोचलो' गेले, 'झालंच समजा' तर घाऊक गेले. बाबांनी आयुष्यात कधी भविष्यकाळ वापरलाच नव्हता, हे त्यांचं पहिल्यांदाच कोणाच्या तरी कामाला आलं.

काही 'उद्या येतो' उरले होते. टाचणीने त्यांना विचारलं की आज उद्या आहे का. त्यांनी आपसात विचारविनिमय केला आणि नाही म्हणाले. मग आज कशाला बसलात, असं विचारल्यावर तेही उठले, उद्या येतो म्हणाले आणि निघून गेले.

बाबांची छाती फुगली. ते थोराडाला म्हणाले, की पोरगी कोणाची आहे, बघितलं ना? आणि टॉवेल सावरून निघायला लागले. थोराडाने हात आडवा घातला.

"मी राहिलोय," तो म्हणाला.

टाचणीला वाटलं, हा साहेब असेल, रांगांवर देखरेख करणारा. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. तेच डोळे, तेच वैतागलेलं तोंड, फक्त शंभरपट. तोही एक 'येतो' होता.

तिने विचारलं, तू कसा बोलला गेलास. तो म्हणाला, "पाच मिनिटांत वॉशर घेऊन येतो, ताई."

टाचणीने पुन्हा व्याकरण काढलं. येतो म्हणजे वर्तमानकाळ, म्हणजे येणं चालू आहे, माणूस वाटेतच असणार.

"सहा वर्षं?" थोराड म्हणाला.

त्यावर टाचणीच्या वहीत काही नव्हतं. बाबांनी आपल्या परीने मदत केली. ते घसा साफ करून थोराडाला म्हणाले, "आलोच, ताई." थोराड हातभर वाढला आणि छताचा एक पाइप वाकला. टाचणीने बाबांना हात जोडून सांगितलं की कृपा करून मदत करू नका.

मग तिने थोराडालाच विचारलं की बाकीचे मुठीएवढे राहिले आणि तू एवढा कसा वाढलास. तो म्हणाला की बाकीच्यांची वाट लोक चार दिवस बघतात, शिव्या देतात आणि दुसरा प्लंबर बोलावतात. मग ते वाढत नाहीत. "माझी वाट वर कोणीतरी रोज बघतं. मी तरी काय करू?"

टाचणी बाबांकडे वळली. बाबा टॉवेलचा काठ बघत होते, जणू त्यावर काही लिहिलेलं होतं. हळूहळू त्यांच्या तोंडून निघालं. बाबांना मोठी बहीण होती. म्हणजे आहे. बेकरीच्या मागे तिसरी गल्ली. सहा वर्षांपूर्वी तिच्या स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करताना ती पाहुण्यांसमोर म्हणाली, की याच्या हातून एक काम पुरं होईल तर शपथ. सगळे हसले. बाबाही हसले, पाना खाली ठेवला, 'पाच मिनिटांत वॉशर घेऊन येतो, ताई' म्हणाले आणि जिना उतरले. भांडले नाहीत, काही नाही. पहिले दोन दिवस राग होता. पुढे राग गेला, पण तोवर लाज आली होती, आणि लाज काही गेली नाही.

टाचणीला सांगितलं होतं की आत्या फार लांब राहते. तिसऱ्या गल्लीतून ती रोज शाळेत जात होती.

वरच्या पाइपांतला आवाज बारीक व्हायला लागला. पाणी जायची वेळ झाली होती. थोराड म्हणाला की माझ्या पाइपातून एकच वाट आहे, ती तिच्या स्वयंपाकघरात निघते. येता का?

बाबा म्हणाले की असं टॉवेलवर, अर्ध्या दाढीने कसं जायचं. त्यांचं म्हणणं पडलं की आधी घरी जाऊ, शर्ट घालू, चांगला पितळी नळच घेऊ, आणि मग तिच्याकडे ये... त्यांच्या ओठांच्या मधून दोन लहान हिरवे पाय बाहेर आले आणि हवेत हलायला लागले.

टाचणीने झडप घालून त्यांच्या तोंडावर हात दाबला. "गिळा," ती म्हणाली. "बाबा, तो शब्द गिळा."

बाबांनी डोळे मिटून गिळला.

तिने हात काढला नाही. तिचा आवाज आता टोकदार नव्हता. "तिकडे एक मांजराएवढा बसलाय," ती म्हणाली. "तो फुटला नाही. तो माझा आहे. गेल्या वर्षी म्हणाला होतात, 'तुझ्या नाटकाला येतो'. नाटक संपून वर्ष झालं. मला वाटलं मी विसरले. पण मी विसरले असते तर तो एवढा झाला नसता."

बाबांनी तिच्या खांद्यावरून रांगेकडे पाहिलं. रिकाम्या पाइपावर तो एकटाच बसला होता. तो बाबांकडे बघत नव्हता, टाचणीकडेच बघत होता. बाबांच्या गालावरचा वाळलेला साबण एका जागी ओला झाला. ते थोराडाला म्हणाले, "चल."

आत्या रविवारचं शब्दकोडं सोडवत बसली होती. चष्मा नाकाच्या टोकाला, समोर चहाचा कप, मागे मोरी. नळाखाली निळा टब होता आणि त्यात थेंब पडत होता, सहा वर्षं पडत होता तसाच. मोरीत धप्प असा आवाज झाला तेव्हा तिने मान वळवली. तिथे टॉवेल नेसलेला, अर्ध्या दाढीचा, हिरव्या पायांचा तिचा धाकटा भाऊ बसला होता. त्याच्या शेजारी एक बारीक मुलगी होती. सहा वर्षांपूर्वी आत्याने पाहिली होती तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडलेले होते.

आत्याने पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाली, "वॉशर आणलास?"

बाबांनी मूठ उघडली. मूठ रिकामी होती. त्यांनी तोंड उघडलं, आणि कोणालाही वाटलं असतं की आता थाप येणार. "नाही आणला, ताई," ते म्हणाले. "विसरलो नव्हतो. लाज वाटली."

बोलणं झालं तेवढं पुरे होतं. टाचणीने पिशवीच्या तळाशी हात घालून एक वॉशर शोधून काढला आणि बाबांच्या हातावर ठेवला. आत्याने टेबलाच्या खणातून पाना काढून दिला, तोच, त्या दिवशी खाली ठेवलेला. तिने त्याला गंज चढू दिला नव्हता. काम खरोखरच पाच मिनिटांचं होतं. टाचणीने भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं, साडेचारच मिनिटं लागली.

थेंब थांबला. स्वयंपाकघर एवढं शांत झालं की आत्या दचकली आणि नळाकडे बघतच राहिली. मोरीच्या भोकातून एक लांब सुस्कारा आला, थंड वारा आला आणि थांबला. बाबांच्या बोटांमधले पडदेही गेले. एक तेवढा डाव्या पायाच्या करंगळीशी राहिला, तो कायमचाच.

पुढचा तासभर आत्या भावाला बोलली, आणि सहा वर्षांचं साठलेलं असल्यामुळे सविस्तर बोलली. मध्येच तिने त्याला मेव्हण्यांचा शर्ट दिला. टाचणीला म्हणाली की तुझं नाक माझ्यावर गेलंय, बिचारी. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्यांदा चहा मागितला.

खरी पंचाईत निघताना झाली. बाबा उंबऱ्यापाशी आले, सवयीने तोंड उघडलं आणि तसेच उभे राहिले. घरातून निघताना 'जातो' कोण म्हणतं? आणि 'येतो' म्हणायची तर आता छाती होत नव्हती. 'निघतो' म्हणावं तर ते तुटक वाटलं असतं. ते एकदा टाचणीकडे बघत, एकदा मोरीकडे. शेवटी हळूच म्हणाले, "येतो, ताई."

"कधी?" आत्याने विचारलं.

हा शब्द बाबांनी त्या सकाळी चारशे वेळा ऐकला होता. ज्या माणसाने जन्मात कोणाला वार सांगितला नव्हता तो म्हणाला, "गुरुवारी. चारला."

"चारला माझं नाटक आहे," टाचणी म्हणाली.

"मग सहाला," बाबा म्हणाले. त्यांनी आत्याची पेन्सिल मागून घेतली आणि तळहातावर दोन्ही वेळा लिहिल्या. पेन्सिल हातावर उमटेना, तेव्हा जिभेने ओली करून लिहिल्या. घरी जाऊन त्यांनी बेसिन दुरुस्त केलं. आई संध्याकाळी आली, बादली कोरडी पाहिली, आणि चार महिन्यांनी पहिल्यांदा कडाडून भांडली. टाचणीला फार बरं वाटलं.

गुरुवारी चारला पडदा वर गेला. टाचणी नाटकात झाड होती, आणि झाडाला फक्त दोन वाक्यं होती. दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, बाबा बसले होते. शर्ट इस्त्रीचा होता, दोन्ही गालांची दाढी केलेली होती. खिशात फोन वाजत होता आणि ते उचलत नव्हते. शाळेच्या अंगणातल्या गटारातून कसलासा फुगा फुटल्याचा आवाज आला. दुसऱ्या कोणाचं लक्ष गेलं नाही. टाचणीचं गेलं, आणि त्या भरात ती आपली दोन्ही वाक्यं साफ विसरली.